लहान मुलातला ऑटिझम ओळखताना: घरातल्या वहीपासून निदानाच्या कागदापर्यंत

माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या पिशवीत बहुतेक वेळा मेंदूच्या एमआरआयची फिल्म असते, रक्ततपासणीचे कागद असतात, टॉनिकच्या दोन-तीन बाटल्या असतात. कानाच्या तपासणीचा कागद मात्र नसतो. मूल दीड वर्षाचं होतं तेव्हा बोटाने काही दाखवायचं का, असं विचारलं की आई वडिलांकडे बघते आणि वडील आजीकडे. पैसा गेलेला असतो, वर्ष-दीड वर्ष गेलेलं असतं, आणि निदान ज्याच्यावर ठरतं नेमकी तीच माहिती हाताशी नसते. सोलापुरात विशेष शिक्षिका म्हणून काम करताना हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की शेवटी सगळा क्रम लिहून काढायला बसले.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. ती रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही, मुलाच्या वागण्यात दिसते. ओळखण्याची पद्धत अलीकडे बदलली तीही याच जागी. कुणीतरी एकदा दहा मिनिटं बघून मत देण्यापेक्षा ठरलेल्या वयाला ठरलेल्या चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा बघणं जास्त खात्रीचं ठरतं. ऑस्ट्रेलियात साध्या बालआरोग्य परिचारिकांना हे बघायला शिकवलं गेलं. त्यांना ज्या मुलांबद्दल शंका आली आणि ज्यांची पुढे पूर्ण तपासणी झाली, त्यांपैकी ८३ टक्के मुलांना खरोखरच ऑटिझम होता. तो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्या परिचारिकांकडे कुठलंही यंत्र नव्हतं. काय बघायचं आणि कधी बघायचं एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. ते आपल्या घरातही जमतं.

## १. तयारी: वही, फाइल आणि तीन तारखा

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर मुलाची जन्मतारीख, जन्माचं वजन, किती महिन्यांचं बाळंतपण, जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ झाली होती का, झटके आले होते का, हे लिहा. त्याखाली तीन तारखा लिहा: मूल १२ महिन्यांचं, १८ महिन्यांचं आणि २४ महिन्यांचं होईल त्या. बाळ दिवस भरण्याआधी झालं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला पूर्ण दिवसांच्या बाळाची फूटपट्टी लावली की उगाच घाबरायला होतं.

फाइलमध्ये माता-बाल संरक्षण कार्ड ठेवाच. लसीच्या नोंदी झाल्या की ते कपाटात जातं. पण त्याच कार्डावर कोणत्या वयात मुलाला काय यायला हवं, तेही चित्रांसह छापलेलं असतं. नवव्या महिन्याला गोवर-रुबेलाची पहिली लस असते आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरी. दुसऱ्या लसीला जाल तेव्हा वही बरोबर न्या, वेगळी खेप करावी लागणार नाही. आशाताई १५व्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी घरी येतात. त्या आल्या की वजन-उंचीबरोबर विकासाच्या चित्रांवरही त्यांच्याकडून खुणा करून घ्या.

वही कुणी लिहायची, तेही ठरवा. दिवसभर मूल ज्याच्याजवळ असतं, त्याने. आई घरी विड्या वळते आणि मूल सुपाशेजारी खेळतं, तर आईने. आई-वडील दोघंही कारखान्यात जात असतील तर आजीने सांगायचं आणि कुणीतरी लिहायचं.

> तपासा: वहीत मत लिहू नका, घडलेलं लिहा. “हट्टी आहे” यातून काही कळत नाही. “चादरीची झालर डोळ्यांसमोर धरून अर्धा तास हलवत बसला, हाक मारल्यावर वळला नाही” यातून कळतं.

## २. तीन वयांना काय बघायचं

१२ महिन्यांना या पाच गोष्टी बघा: नजरेला नजर देतो का, नावाने हाक मारल्यावर वळतो का, बोट दाखवतो का, टाटा करतो का, आणि आपण टाळी वाजवली किंवा जीभ बाहेर काढली तर नक्कल करतो का. १८ आणि २४ महिन्यांना यांतल्या नजर, बोट आणि टाटा या गोष्टी पुन्हा बघायच्याच. शिवाय दोन नव्या: हातातली वस्तू नुसती “बघ” म्हणून आणून दाखवतो का, आणि खोटं-खोटं खेळतो का. बाहुलीला भरवणं, रिकाम्या कपातून चहा पिणं, हाताचा फोन करून बोलणं, हे सगळं खोटं-खोटं खेळणं.

सर्वांत जास्त गोंधळ बोट दाखवण्याबद्दल होतो, म्हणून त्यावर थोडं थांबते.

बोट दोन कारणांसाठी दाखवलं जातं. एक, काहीतरी हवं म्हणून: फडताळावरचा बिस्किटाचा पुडा, पाण्याचा ग्लास. दुसरं, आनंद वाटून घ्यायचा म्हणून: आकाशातलं विमान, भिंतीवरची पाल, रस्त्यावरची म्हैस. दुसऱ्या प्रकारात मुलाला काहीही मिळवायचं नसतं. ते म्हशीकडे बोट करतं, मग वळून आईच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा म्हशीकडे. “तूही बघितलंस ना?” एवढंच त्याला हवं असतं. ही तीन टोकांची नजर फार मोलाची आहे. ऑटिझम असलेल्या लहान मुलात बहुधा हीच आधी कमी पडते. “अहो, बोट दाखवतो की,” असं पालक सांगतात तेव्हा मी विचारते, कशाकडे आणि दाखवून झाल्यावर तुमच्याकडे बघतो का?

तिसरा एक प्रकार आहे, तो बोट दाखवण्यात धरू नका. मूल आईचं मनगट पकडतं, तिचा हात ओढत नेऊन फ्रिजच्या मुठीवर ठेवतं, आणि या सगळ्यात तिच्या चेहऱ्याकडे एकदाही बघत नाही. घरच्यांना हे हुशारीचं वाटतं. वहीत ते जसं घडलं तसंच लिहा.

हाक मारून बघायचीही रीत आहे. मूल खेळात असताना मागून किंवा बाजूने, चार-पाच हातांवरून, नेहमीच्या आवाजात फक्त नाव घ्या. हातात खाऊ नको, टाळी नको, “हे बघ काय आणलं” नको. वळलं नाही तर थोडं थांबून पुन्हा. तीन-चार हाकांत एकदाही वळून चेहऱ्याकडे बघत नसेल, आणि वेगवेगळ्या दिवशी असंच होत असेल, तर ती नोंद महत्त्वाची.

नजरेबद्दलही एक गोष्ट ध्यानात असू द्या. ऑटिझम असलेलं मूल नजर अजिबातच देत नाही, असं नसतं. मांडीवर घेऊन गुदगुल्या केल्या की ते खळखळून हसतं, बघतंही. नेमकं बघायचं ते हे, की स्वतःहून, दुरून, काही सांगण्यासाठी ते चेहरा शोधतं का. गळ्यात पडतं, मिठी मारतं, म्हणून ऑटिझम नाही, असंही ठरत नाही. मुलींच्या बाबतीत हे जास्त फसवं असतं. शांत, आपल्या कोपऱ्यात खेळणारी मुलगी “गुणाची” म्हणून सगळ्यांच्या नजरेतून सुटते.

या खुणांपैकी एक जरी दिसली, तरी पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा:

- १२ महिने झाले तरी बडबड नाही, किंवा टाटा-बोट-नमस्कार असा कुठलाच हातवारा नाही.
- १६ महिने झाले तरी अर्थाचा एकही शब्द नाही.
- २४ महिने झाले तरी स्वतःचे दोन शब्द जोडत नाही. आपण म्हटलेलंच पुन्हा म्हणणं यात धरायचं नाही.
- कोणत्याही वयात येत असलेले शब्द, हसणं, टाटा करणं बंद झालं.

शेवटच्या खुणेला सर्वांत जास्त घाई करा. “आधी मामा, काका, पाणी म्हणायचा, आता काहीच म्हणत नाही” हे वाक्य ऐकलं की मी पालकांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायला सांगते. झटके येत असतील तर त्याच दिवशी.

> सावध: एकाच गोष्टीवरून ठरवू नका. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या गर्दीत, पाळण्यांच्या आणि भोंग्यांच्या आवाजात मूल रडलं, तर त्यात विशेष काही नाही, कितीतरी मुलं रडतात. पण रोज घरातल्या मिक्सरच्या आवाजाला कान झाकून घेतं, हाकेला वळत नाही आणि बोटही दाखवत नाही, असं तीनही एकत्र असेल तर ते वेगळं.

भाषेबद्दल सोलापूरकरांसाठी. आपल्याकडे एका घरात तेलुगू, शेजारी मराठी, आजोळी कन्नड आणि टीव्हीवर हिंदी हे रोजचंच. “चार भाषांनी गोंधळलाय, म्हणून बोलत नाही” असं सांगून वर्षभर थांबवलेली कितीतरी मुलं मी बघितली आहेत. जास्त भाषांमुळे ऑटिझम होत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजा: ‘नीळ्ळु’ म्हटलं काय आणि ‘पाणी’ म्हटलं काय, शब्द आलाच. आणि मुलासाठी घरची भाषा सोडून देऊ नका. आजीला जी भाषा मनापासून बोलता येते, त्याच भाषेत ती नातवाशी खेळू शकते. बोट दाखवायला आणि वळून बघायला तर कुठलीच भाषा लागत नाही.

## ३. व्हिडिओ: दोन-दोन मिनिटांचे पाच

दवाखान्यात मूल घाबरतं, रडतं, नाहीतर पंख्याकडे बघत बसतं. घरी ते कसं असतं हे डॉक्टरांना दिसतच नाही. म्हणून अलीकडे घरचे व्हिडिओ हा तपासणीचा भाग झाला आहे. दूरवर राहणाऱ्या मुलांची तपासणी करताना काही ठिकाणी याच व्हिडिओंवर तज्ज्ञ पहिलं मत बनवतात.

हे पाच घ्या: एकटं खेळताना, मोठ्या माणसाबरोबर खेळताना, जेवताना, दुसऱ्या मुलांमध्ये असताना, आणि हाक मारतानाचा. शक्य झालं तर चिडलेलं असतानाचा सहावा. उजेड मुलाच्या तोंडावर पडू द्या, खिडकीकडे पाठ नको. फ्रेममध्ये मूल आणि समोरचा माणूस, दोघांचेही चेहरे हवेत. नजरेची देवाणघेवाण बघायची तर दोन चेहरे लागतातच, आणि नव्वद टक्के वेळा पालक फक्त मुलाचा क्लोजअप आणतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मुलाकडून करून घेणं. “टाटा कर ना, टाटा कर, कर की रे,” असं सहा वेळा म्हणून सातव्यांदा हात हलला, आणि व्हिडिओ तेवढाच कापून आणला. आईला मूल चांगलं दिसावं असं वाटणं मी समजू शकते. पण तो तुकडा डॉक्टरांना चुकीच्या दिशेला नेतो. न शिकवता, न सांगता जे होतं तेच टिपा. तारीख आणि मुलाचं वय व्हिडिओत तोंडाने बोला.

> सावध: हे व्हिडिओ नातेवाइकांच्या किंवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. “तुम्हाला काय वाटतं?” म्हणून अनोळखी लोकांना विचारायची ही गोष्ट नाही. मूल मोठं झाल्यावरही ते व्हिडिओ कुठेतरी फिरत राहतील.

## ४. प्रश्नावली: भरण्यात होणाऱ्या चार चुका

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे एम-चॅट-आर/एफ. तिच्यात हो-नाही स्वरूपाचे २० प्रश्न आहेत आणि ती फुकट मिळते. बालरोगतज्ज्ञांकडे मागा. मूल आजारी नसतानाही, १८ आणि २४ महिन्यांना भरून घ्यायचा आग्रह धरा.

पहिली चूक वयाची. चार वर्षांच्या मुलासाठी ही प्रश्नावली भरून “गुण कमी आले, म्हणजे काही नाही” असं म्हणता येत नाही. ती त्या वयासाठी बनलेलीच नाही.

दुसरी चूक, “एकदा केलं होतं” याला ‘हो’ म्हणणं. मूल एखादी गोष्ट कधीतरी एक-दोनदा करतं पण एरवी करत नाही, तर उत्तर ‘नाही’, असं त्या प्रश्नावलीच्या सूचनेतच लिहिलेलं आहे. आजोबांना ही सूचना वाचून दाखवा. नातवाने दिवाळीत एकदा टाटा केलेला त्यांना पक्का आठवत असतो.

तिसरी चूक गुण मोजण्यात. बहुतेक प्रश्नांना ‘नाही’ म्हणजे एक गुण. पण २, ५ आणि १२ या प्रश्नांना ‘हो’ म्हणजे एक गुण. ऐकू येत नसेल अशी शंका आली का, डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली करतं का, आणि घरातल्या साध्या आवाजांनी अस्वस्थ होतं का, असे ते तीन प्रश्न. ते उलटे मोजायचे विसरलं की सगळी बेरीज चुकते.

चौथी चूक सगळ्यात जास्त होते आणि ती पालकांची नसते. बेरीज ० ते २ असेल तर सध्या धोका कमी. ८ किंवा जास्त असेल तर थेट पुढच्या तपासणीला. पण ३ ते ७ असेल तर दुसरा टप्पा लागतो: ज्या प्रश्नांना गुण आला, ते प्रत्येक प्रश्न उदाहरणं देऊन पुन्हा सविस्तर विचारायचे. त्यानंतरही २ किंवा जास्त गुण उरले तर पुढे पाठवायचं. नावातला ‘एफ’ (फॉलो-अप) या दुसऱ्या टप्प्यासाठीच आहे. गर्दीच्या ओपीडीत तो गाळला जातो. मग उगाच घाबरलेले पालक तयार होतात, नाहीतर खोट्या समाधानाने घरी जातात. तुमचे गुण मधल्या गटात आले तर स्वतःहून म्हणा, “डॉक्टर, पुढचे प्रश्न कधी विचारणार? त्यासाठी आम्ही वेगळ्या दिवशी येऊ.”

> तपासा: १८ महिन्यांना गुण कमी आले तरी २४ महिन्यांना पुन्हा भरा. काही मुलांच्या खुणा मधल्या काळातच उघड होतात.

यंत्रं आणि अ‍ॅप. याबद्दल बातम्या येतात आणि पालक विचारतात. मूल पडद्यावर काय बघतं याचा माग घेणारं एक यंत्र अमेरिकेत १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी मान्य झालेलं आहे. पालकांची उत्तरं, घरचे व्हिडिओ आणि डॉक्टरांची निरीक्षणं एकत्र करून संगणकाने अंदाज देणाऱ्या साधनालाही तिथे २०२१ साली परवानगी मिळाली. आपल्या देशात दिल्लीमध्ये, तज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन टॅबलेटवरच्या खेळांतून मुलांची चाचणी करण्याचा प्रयोग झाला आहे. मला यातून आशा वाटते. सांगोल्याच्या किंवा करमाळ्याच्या एखाद्या वाडीवर तज्ज्ञ जाणार नाही, पण टॅबलेट घेतलेली कार्यकर्ती जाऊ शकते. मात्र ही सगळी साधनं डॉक्टरांच्या हाताशी द्यायची आहेत. फोनवर उतरवलेल्या एखाद्या अ‍ॅपने तीन मिनिटांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगितलं, तर ते निदान समजू नका.

## ५. कानाची तपासणी: सगळ्यात आधी करायची, सगळ्यात शेवटी होते ती

बोलणं उशिरा असलेल्या प्रत्येक मुलाची कानाची तपासणी झालीच पाहिजे. “त्याला ऐकू येतं हो, बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आला की पळत येतो,” असं सगळेच सांगतात. पण काही आवाज ऐकू येणं आणि बोलण्यातले सगळे स्वर-व्यंजनं नीट ऐकू येणं, यांत फार अंतर आहे. घरी ताटली वाजवून बघणं ही तपासणी नाही.

ओएई आणि बेरा अशा दोन तपासण्या असतात. ओएई झटपट होते, पण ती फक्त कानाच्या आतल्या भागाबद्दल सांगते. आवाज पुढे मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बेरात कळतं. म्हणून “ओएई पास झाली, आता बेरा कशाला?” असं म्हणून थांबू नका. डॉक्टरांनी सांगितली असेल तर करा. बेराच्या वेळी लहान मूल झोपलेलं लागतं. आदल्या रात्री थोडं उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, गाडीत झोपू देऊ नका, आणि आत नेण्याआधी पोटभर पाजा. झोपेचं औषध देणार असतील तर खाण्या-पिण्याबद्दल ते सांगतील तेच पाळा. हे न केल्याने अक्कलकोटहून आलेलं कुटुंब तपासणी न होताच परत गेलेलं मी पाहिलं आहे, आणि पुढची तारीख दीड महिन्याने मिळाली होती.

एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) सरसकट लागत नाहीत. झटके येत असतील, डोक्याचा घेर फार लहान किंवा फार मोठा असेल, आलेलं सगळं पुसलं जात असेल, अशा वेळी डॉक्टर त्या सांगतात. “मनाचं समाधान” म्हणून हजारो रुपये आणि मुलाला भूल, हे नको.

## ६. कुणाला दाखवायचं आणि त्या दिवशी काय न्यायचं

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. सरकारी वाटेने जायचं तर दोन दारं आहेत. एक, अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांच्या यादीत ऑटिझमही आहे, आणि शंका आलेल्या मुलांना ते जिल्हा पातळीवर पाठवतात. दुसरं दार म्हणजे सिव्हिल, आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तिथे बालरोग, कान-नाक-घसा आणि मानसोपचार हे तीनही विभाग एकाच आवारात आहेत.

अंगणवाडीबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ज्या मुलाला पथकाने बघायला हवं, तेच मूल त्या दिवशी घरी असतं. ते रडतं, इतरांना चावतं, बसत नाही, म्हणून त्याला पाठवलेलंच नसतं. पट पूर्ण होतो आणि ते मूल नोंदीत येतच नाही. अंगणवाडी ताईंना पथकाची तारीख आधी विचारून ठेवा, आणि त्या दिवशी स्वतः मुलाजवळ थांबा. ताईंनाही माझी विनंती आहे: जे मूल येत नाही, त्याचं नाव पथकाला आवर्जून सांगा.

सिव्हिलला जायचं तर सकाळी लवकर निघून केस पेपर काढा. वही, फाइल, फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवलेले व्हिडिओ, प्रश्नावलीचा कागद, कानाचे रिपोर्ट, आधार कार्ड, मुलाचं आवडतं खेळणं, खाऊ, कपड्यांचा एक जोड. बरोबर आणखी एक मोठं माणूस हवंच. एकाने मुलाला सांभाळायचं, दुसऱ्याने डॉक्टरांशी बोलायचं. आत गेल्यावर पहिलं वाक्य “बोलत नाही” एवढंच नको. असं सांगा: “बावीस महिने पूर्ण. एकही शब्द नाही. हाकेला वळत नाही. दाखवण्यासाठी बोट करत नाही. मे महिन्यापासून टाटा करणं बंद झालं.” चार वाक्यांत डॉक्टरांना दिशा मिळते.

“मुलगे उशिराच बोलतात, याचे वडीलही चार वर्षांनी बोलले, थांबा थोडं” असं घरात कुणीतरी सांगेलच, आणि दवाखान्यातही कुणी सांगू शकतं. नम्रपणे विचारा, “किती थांबू? आणि तोवर कोणती गोष्ट आली नाही तर परत येऊ?” उत्तर वहीत तारखेसह लिहून घ्या. आणि थांबायचं असलं तरी कानाची तपासणी थांबवू नका.

> सावध: मोबाइल जास्त बघितल्याने झालेला तो ‘व्हर्च्युअल ऑटिझम’, असं सध्या सर्रास म्हटलं जातं. हे मान्यताप्राप्त निदान नाही. लहान मुलाच्या हातातून फोन काढा, ते कुणाच्याही भल्याचंच आहे. पण “आधी सहा महिने मोबाइल बंद करून बघू” म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. आई-वडिलांवर ठपका येतो आणि मुलाचे सहा महिने जातात.

## ७. निदानाच्या वेळी

अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या आसपास भरवशाचं निदान करू शकतात. २०१३ पासून वापरात असलेल्या निकषांनुसार दोन बाजू बघतात. एक, माणसांशी देवाणघेवाण: भावनेला भावनेने उत्तर देणं, नजर आणि हातवारे, नाती जुळवणं. या तिन्हींमध्ये अडचण दिसावी लागते. दुसरी, त्याच-त्याच गोष्टींत अडकणं: एकच हालचाल किंवा शब्द पुन्हा पुन्हा, बदल सहन न होणं, एखाद्या गोष्टीचा तीव्र ध्यास, आणि आवाज-स्पर्श-उजेड-वास यांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद. या चारांपैकी दोन तरी. बोलणं उशिरा येणं एवढ्यानेच ऑटिझम ठरत नाही, आणि मूल बोलतं म्हणून तो नाही असंही होत नाही.

आपल्या देशात दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी इन्क्लेन या संशोधन संस्थेचं निदान साधन वापरतात. इसा ही भारतीय मोजपट्टी ४० मुद्द्यांची आहे. ७० च्या खाली गुण असतील तर ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याहून जास्त तीव्र. ती तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आहे. दोन वर्षांच्या मुलाला “इसा करून आणा” असं कुणी सांगितलं तर वयाची आठवण करून द्या.

बाहेर पडण्याआधी लेखी घ्या: कोणतं साधन वापरलं, गुण किती आले, काय दिसलं, आता कोणती थेरपी, पुन्हा कधी. आमच्या एका पालकांना एका ठिकाणी नुसतं “थोडे ऑटिस्टिक ट्रेट्स आहेत” असं तोंडी सांगून पाठवलं होतं. पुढच्या ठिकाणी सगळी तपासणी पहिल्यापासून झाली.

दुसरं मत घेणं योग्यच आहे. पण एकदा निदान पक्कं झाल्यावर सोलापूर, पुणे, हैदराबाद असं फिरत राहू नका. आणि कुणी स्टेम सेलने बरं करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. लसींमुळे ऑटिझम होतो ही समजूतही खोटी आहे. ज्या १९९८ सालच्या लेखामुळे ती पसरली, तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. धाकट्या भावंडाच्या लसी थांबवू नका. उलट, त्या भावंडाच्या १२, १८ आणि २४ महिन्यांच्या तारखा आत्ताच वहीत लिहा. मोठ्याला ऑटिझम असेल तर धाकट्यात त्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते.

## ८. हे टप्पा चारपासूनच सुरू करा

शंका आली की मदत सुरू करायची, निदानाचा कागद मागून येऊ दे. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेल्या एका अभ्यासात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी पालकांना त्यांचेच व्हिडिओ दाखवून मुलाशी कसं वागायचं ते शिकवलं, आणि आई-वडील व मूल यांच्यातली देवाणघेवाण सुधारली. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं घरी करता येईल ते इतकंच: दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटं मुलासमोर जमिनीवर बसा, म्हणजे तुमचा चेहरा त्याच्या नजरेच्या उंचीवर येईल. ते जे करतं तेच तुम्ही करा. ते झाकण फिरवतंय तर तुम्हीही फिरवा. ते जिकडे बघतंय त्याचं नाव एका शब्दात घ्या. मग थांबा. मनात पाच आकडे मोजा. बुवा-कुक खेळताना पदर तोंडावर धरून ठेवा, आणि त्याने चेहऱ्याकडे बघितलं की काढा. “हे काय आहे? सांग, सांग!” असे प्रश्न विचारत राहू नका.

निदान चुकीचं निघालं, मूल नुसतंच उशिरा बोलणारं ठरलं, तरी या खेळाने त्याचं काहीही बिघडत नाही.

## ९. प्रमाणपत्र

निदान आणि दिव्यांग प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर भरून सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढे मुलाला न्यावं लागतं. अर्जातलं नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवा. आडनाव ‘बोल्ली’ आणि ‘बोली’ एवढ्या फरकानेही फेऱ्या वाढतात. प्रमाणपत्र हातात आलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करा. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. बिलं मूळ स्वरूपात, तारखेच्या क्रमाने, त्याच फाइलच्या शेवटी लावून ठेवा. तात्पुरतं प्रमाणपत्र असेल तर ते कधी संपतं ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर, मुलाच्या तीन तारखांच्या खाली, लाल पेनाने लिहा.